अहिराणीची कुळी : सेनापतीपासून राजापर्यंत

मालेगाव, सटाणा, कळवण व देवळा या कसमादे पट्ट्यात आणि पुढे धुळे-जळगावकडे बोलल्या जाणाऱ्या अहिराणीचे नाव आभीर ऊर्फ अहीर या लोकांवरून पडले, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. वाद आहे तो कोणत्या अहिरांवरून, याचा. गुरे राखणाऱ्यांची बोली ती अहिराणी, हे रूढ उत्तर. आणि ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिला ‘खानदेशी’ हे प्रदेशवाचक नाव देऊन भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले, त्यामुळे ‘अहिराणी’ या नावामागे एखादे राज्य असू शकेल ही शक्यताच मागे पडली. ती पुन्हा पुढे येते दोन शिलालेख एकत्र वाचले म्हणजे.

पहिला लेख सौराष्ट्रातील गुंदा येथील, शक १०३ म्हणजे इ. स. १८१ मधला. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शकवंशीय क्षत्रपांपैकी रुद्रसिंहाच्या कारकिर्दीत सेनापती बापकाचा पुत्र, आभीर सेनापती रुद्रभूती याने विहीर खोदविल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हे घराणे किमान दोन पिढ्या परक्या सत्तेच्या लष्करी चाकरीत होते. दुसरा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथे आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी विष्णुदत्ता ही उपासिका श्रेणींकडे, म्हणजे तेल्यांसारख्या व्यावसायिकांच्या संघांकडे, कायम ठेव ठेवते आणि कालनिर्देश करते तो आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. ही विष्णुदत्ता स्वतःला शक म्हणवते: धन्याच्या जातीची स्त्री आता चाकराच्या जातीच्या राजाची वर्षे मोजते आहे. शिवाय ईश्वरसेनाचा पिता शिवदत्त याला लेखात राजपद लावलेले नाही, त्यावरून राज्य मुलानेच मिळवले हे उघड दिसते. इ. स. २४८-४९ पासूनचा, पुढे कलचुरी-चेदी नावाने चाललेला संवतही ईश्वरसेनाचाच, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते.

इंग्लंडची कुळकथा याच वळणाने जाते. रोमन फौजा निघून गेल्यावर ब्रिटनमधील सत्ताधीशांनी सॅक्सनांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावले आणि ते उलटले, असे सहाव्या शतकातील गिल्डास सांगतो, इ. स. ७३१ मध्ये इतिहास पुरा करणारा बीड त्यांच्या म्होरक्यांना हेंगिस्ट व होर्सा ही नावे देतो. पुढे केंट, मर्सिया, वेसेक्स ही राज्ये उभी राहिली आणि अँगल लोकांचे नाव भाषेला व देशाला चिकटले. ही सारी माणसे शेती-गुरांवर जगणारीच होती, परंतु इंग्रजीला कोणी गुराख्यांची बोली म्हणत नाही.

गुराख्यांच्या उपपत्तीतील खरी अडचण अशी की गुरे पाळणारे अहीर उत्तर हिंदुस्थानभर पसरले असूनही बोलीला त्यांचे नाव क्वचितच मिळते. मिळाले ते हरियाणातील अहिरवाटीला, आणि तेथेही रेवाडीला अहीर सरदारांची सत्ता होती. उलट उदाहरण खुद्द मालेगावात सापडते: पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी १७४० च्या सुमारास बांधलेल्या किल्ल्यात पुढे अरब शिबंदी होती, तिने १८१८ साली इंग्रजांशी निकराची झुंज दिली, पण जूनमध्ये शरणागती पत्करली. चाकरीचे राज्य झाले नाही आणि गिरणा-मोसमच्या संगमावर अरबांच्या नावाची बोलीही रुजली नाही.

अहिरांच्या राज्यावरून नाव पडले, या उपपत्तीवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. ईश्वरसेन तिसऱ्या शतकातला, तर आजची अहिराणी त्याहून पुष्कळ अर्वाचीन. मधली हजारएक वर्षे नाव टिकले कसे? दंडी आपल्या अलंकारग्रंथात आभीर इत्यादींच्या भाषेला अपभ्रंश म्हणतो, म्हणजे सातव्या शतकाच्या आसपास आभीरांची बोली निराळी ओळखली जात होती. इतिहासकार फिरिश्ता असीरगडाचा धनी म्हणून आसा अहीर याचे नाव सांगतो. अफाट गुरांचा हा मालक गडही राखून होता आणि खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी याने पालख्यांत सैनिक लपवून तो गड घेतला. तेव्हा खानदेशात अहिरांची ठाणी पंधराव्या शतकाच्या तोंडापर्यंत टिकून होती आणि बोलीचे नाव त्या ठाण्यांच्या आश्रयानेच पुढे आले, असे धरण्यास हरकत नाही.