दहा हजार काउंटर, सेकंदाला शंभर व्यवहार

१९७३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेला आपला सगळा कारभार थेट संगणकावर आणायचा होता. शाखा १,०००, काउंटरवर बसणारे कर्मचारी १०,०००, खाती १ कोटी. एवढ्या पसाऱ्याला यंत्र केवढं लागेल?

दहा हजार माणसांचा भार यंत्रावर एकाच क्षणी पडत नाही. काउंटरवरचा कर्मचारी चेक घेतो, सही ताडून पाहतो, नोटा मोजतो, तेव्हा कुठे कळ दाबतो. दर माणशी १०० सेकंदांना एक व्यवहार धरला, तर दहा हजारांचे सेकंदाला १०० व्यवहार होतात. गर्दीच्या वेळेसाठी बँकेची मागणी एवढीच होती. प्रस्ताव दोन आले: मिनिकॉम्प्युटरचा ५० लाख डॉलरचा आणि एका बड्या कंपनीचा अडीच कोटींचा. सेकंदाला होणाऱ्या दर व्यवहारामागे एकीकडे ५० हजार डॉलर पडत होते, दुसरीकडे अडीच लाख. बँकेने स्वस्त यंत्र घेतलं आणि यंत्रं अशी तोलण्याची रीत रुजली.

ती लेखी मांडली टँडम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी, ‘डेटामेशन’ नियतकालिकाच्या १ एप्रिल १९८५ च्या अंकात. इतर कंपन्यांतले जाणकारही सोबत होते, म्हणून लेखकाच्या जागी फक्त ‘अनामिक आणि इतर’. चाचणीचं नाव ‘डेबिट-क्रेडिट’. ९५ टक्के व्यवहार एका सेकंदाच्या आत उरकले पाहिजेत, आणि किंमत पाच वर्षांच्या देखभालीसह धरायची. सगळ्यांत मोलाची अट वेगळीच होती. सेकंदाला एक व्यवहार वाढवायचा, तर त्यासोबत १० शाखा, १०० काउंटर आणि १ लाख खातीही वाढवायची. ही अट नसती, तर चिमूटभर डेटा मेमरीत ठेवून कोणीही वेग मिरवला असता.

मेमरी किती घ्यावी, याचाही हिशेब ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी मांडला. तेव्हाच्या किमतींत डिस्ककडे वारंवार धाव घेणं महाग पडत होतं. म्हणून साधारण दर पाच मिनिटांत एकदा तरी लागणारी माहिती मेमरीतच ठेवावी, असं गणित निघालं.

पण विक्रेते ‘डेबिट-क्रेडिट’ चाचणीतून टर्मिनल आणि माणसांचा थांबण्याचा वेळ वगळून आकडे फुगवू लागले. तेव्हा १९८८ मध्ये ऑम्री सर्लिन यांनी आठ कंपन्यांना एकत्र आणून टीपीसी ही परिषद उभी केली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘टीपीसी-ए’ चाचणीत टर्मिनल परतली. मात्र दोन व्यवहारांमधलं अंतर आता १० सेकंदांचं धरलं होतं, त्यामुळे तेवढ्याच वेगाला काउंटर एक दशांशच लागत.