उपकरण-उड्डाणाचे नकाशे व कार्यपद्धती

उपकरण-उड्डाणाचे नकाशे व कार्यपद्धती : जमीन किंवा क्षितिज दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्यास उपकरण-उड्डाण म्हणतात. अशा वेळी कोणत्या मार्गाने जावे, कोठे किती उंचीखाली उतरू नये व धावपट्टी न दिसल्यास काय करावे, हे दर्शविणाऱ्या नकाशांचा आरंभीचा विकास मुख्यत्वे अमेरिकेत झाला.

१९२०–३० या दशकात टपाल वाहणारे वैमानिक लोहमार्ग, नद्या व रात्री दीपस्तंभ यांच्या आधारे मार्ग काढीत. ढगात हा आधार तुटे व शरीराच्या संवेदनाही फसव्या ठरत. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे झाकलेल्या कक्षात बसून विमान उडविले व पुन्हा उतरविले. कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक घूर्णी, सूक्ष्म उंचीमापक व रेडिओ संकेत ही त्यांची साधने होती. पुढे रूढ झालेल्या रेडिओ मार्गांवर दोन भिन्न संकेत एकमेकांत मिसळून अखंड स्वर ऐकू आला, म्हणजे विमान मार्गावर आहे असे समजे.

उपकरणे विमानाची स्थिती सांगत. पुढे डोंगर आहे की नाही, हे मात्र सांगत नसत. ही उणीव टपाल वैमानिक एल्री जेपसन यांनी ओळखली. धावपट्ट्यांची लांबी, उतार, अडथळे व टेकड्यांची उंची यांची टिपणे त्यांनी एका वहीत ठेवली आणि १९३४ पासून ती छापून विकण्यास प्रारंभ केला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९४८ मध्ये वैमानिकी नकाशांविषयीची मानके स्वीकारली.

उतरण्याच्या नकाशात साधारणतः वरून दिसणारा मार्ग व उंचीचा छेद अशी दोन चित्रे असतात. त्यातील प्रत्येक किमान उंची ठराविक टप्प्यापुरतीच लागू असते. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानास उतरण्याची अनुज्ञा मिळाली. चालकांनी १,८०० फूट ही उंची तिचा टप्पा येण्यापूर्वीच लागू मानली आणि विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. अनुज्ञेचा अर्थ चालक व नियंत्रक यांनी वेगवेगळा घेतला होता. चौकशी मंडळातही एकमत झाले नाही : बहुमताने चालकांचा निर्णय हे संभाव्य कारण ठरविले, तथापि नियंत्रण पद्धतीतील संदिग्धताही त्यास साहाय्यक ठरल्याचे नमूद केले. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान तेथेच अशाच चुकीतून थोडक्यात बचावले होते. परंतु तो इशारा इतर कंपन्यांपर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतर जमिनीच्या सान्निध्याची सूचना देणारे उपकरण मोठ्या प्रवासी विमानांत अमेरिकेत आवश्यक करण्यात आले. १९७६ मध्ये वैमानिकांना चुका गोपनीयतेने कळविता याव्यात अशी व्यवस्था सुरू झाली. नकाशे पुढे इलेक्ट्रॉनिक पडद्यावर आले. तरी त्यावरील अंक कोणत्या टप्प्याचा आहे, याविषयी चालक व नियंत्रक यांचे एकच आकलन असणे ही सुरक्षिततेची मूलभूत अट राहिली आहे.