पाषाण रोडवरचे थरवाले साहेब

मंडळी, पाषाण रोडवरचं एनसीएलचं गेट तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. 3 जानेवारी 1950 ला नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पण तिचे पहिले दोन्ही संचालक पृष्ठभागावरच्या पातळ थरांच्या मागे लागलेले होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

पहिले जेम्स मॅकबेन. स्टॅनफर्डमधून रिटायर होऊन, पासष्टी उलटल्यावर पुण्यात आलेले. कोळशावर वाफ चिकटते ती नुसती वर बसते की आतही मुरते, हे वेगळं काढणं कठीण. म्हणून दोन्हींसाठी मिळून त्यांनी 1909 मध्ये 'सॉर्प्शन' हा शब्द वापरात आणला.

पण डोळ्याला न दिसणारा थर मोजायचा कसा? 1926 मध्ये मॅकबेन आणि बाक्र यांनी एक साधी युक्ती केली. बंद काचेच्या नळीत क्वार्ट्झच्या तंतूची स्प्रिंग टांगली, खाली इवल्याशा बादलीत घन पदार्थ ठेवला आणि आत वाफ सोडली. थर चढला की वजन वाढतं, स्प्रिंग ताणते. ताण मोजा, थराचं वजन मिळालं! बास, एवढंच.

याचं महत्त्व काय? 1918 चं लँगम्युरचं मॉडेल म्हणतं की थर एकाच रेणूइतका जाड असतो, म्हणजे जागा भरली की ग्राफ सपाट व्हायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याच पदार्थांवर दाब वाढवत नेला की ग्राफ पुन्हा वर चढतो, कारण थरावर थर बसतात. 1938 मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी ते हिशेबात धरलं. तेही मॉडेल साधारण 0.05 ते 0.35 या सापेक्ष दाबातच नीट बसतं. त्यापुढे थर जाड होऊन द्रवासारखा वागू लागतो आणि गणित बदलतं. आपल्या भाषेत, टेस्ट डेटाच्या रेंजबाहेर कोडवर भरवसा ठेवू नये.

1952 मध्ये मॅकबेन गेल्यावर आले जॉर्ज फिंच. हो, 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजन घेऊन चढलेले तेच! इलेक्ट्रॉनचा झोत टाकून धातूंचे पृष्ठभाग आणि त्यांवरचे थर तपासणं हा त्यांचा विषय. 1957 पर्यंत ते इथे होते.

आज असे थर कॉम्प्युटरवर सिम्युलेट करता येतात. पण उत्तर बरोबर आलंय का, हे ठरवायला शेवटी कुणीतरी मोजलेला आकडाच लागतो. असो, गिर्यारोहक फिंचबद्दल पुन्हा कधीतरी, एखाद्या निवांत रविवारी.