स्लेव्ह व्हॉयेजेस
'स्लेव्ह व्हॉयेजेस' हे अटलांटिक महासागरातून चाललेल्या गुलामांच्या व्यापाराचे सर्वांसाठी खुले असलेले संगणकीय विदागार आहे. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासात ते मूलभूत साधन मानले जाते.

इतिहास
डेव्हिड एल्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध देशांच्या दप्तरांतील नोंदी एकत्र करून १९९९ मध्ये २७,२३३ सफरींची माहिती सीडी-रॉमवर प्रसिद्ध केली. २००८ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने ती संकेतस्थळावर आणली. पुढे नोंदलेल्या सफरींची संख्या सुमारे ३६,००० झाली.

निष्कर्ष
या प्रकल्पाच्या अंदाजानुसार १६ व्या ते १९ व्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्रीपुरुषांना व मुलांना जहाजांवर चढवण्यात आले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. उरलेले सुमारे १८ लाख वाटेतच मृत्यू पावले. सर्वाधिक लोक ब्राझीलमध्ये नेले गेले.

मर्यादा
मूळ नोंदी प्रामुख्याने व्यापाराच्या व्यवहारातून निर्माण झाल्या. त्यांत माणसांची गणना मालाप्रमाणे होते व नावे क्वचितच आढळतात. अशी आकडेवारी विचार न करता वापरल्यास मूळ अन्यायाचीच पुनरावृत्ती होते, असा इशारा इतिहासकार जेसिका मारी जॉन्सन यांनी २०१८ मध्ये दिला.

ही उणीव काही अंशी भरून काढणाऱ्या 'आफ्रिकन ओरिजिन्स' या विभागात, १९ व्या शतकात पकडलेल्या जहाजांवरून मुक्त केलेल्या ९१,००० हून अधिक आफ्रिकी व्यक्तींची नावे आहेत. फ्रीटाउन व हवाना येथील न्यायालयांच्या नोंदवह्यांत ती लिहून ठेवलेली होती.