हेलसिंकी ते टोकियो : अंतर एक, वाटा अनेक

पृथ्वीच्या गोलावर दोऱ्याचे एक टोक हेलसिंकीवर व दुसरे टोकियोवर धरून दोरा ताणला, म्हणजे फिनलंड आणि जपान यांच्या राजधान्यांमधील सर्वांत जवळची वाट दिसते. ती सुमारे ७,८०० किलोमीटरांची आहे. जेट विमानाला ही मजल साडेनऊ-दहा तासांची. मात्र या दोऱ्याचा बहुतेक भाग रशियाच्या भूमीवर पडतो, आणि सारा इतिहास तेथेच सुरू होतो.

समुद्र सर्वांना खुला असतो; आकाशाचे तसे नाही. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे पूर्ण स्वामित्व असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो कराराने पुन्हा स्पष्टपणे मांडले. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने सायबेरियाचे आकाश परकीय विमानांना बंद ठेवले. त्यामुळे युरोपातून जपानला जाणाऱ्यास दक्षिणेकडून भला मोठा वळसा पडे. १९५३ साली लंडनहून टोकियोस जाऊ लागलेले कॉमेट जेट विमानही कराची, दिल्ली, कलकत्ता, रंगून, बँकॉक असे मुक्काम घेतच जात असे.

दुसरी वाट काढली ती स्कँडिनेव्हियन लोकांनी. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांच्या कंपनीने कोपनहेगन ते टोकियो ही सेवा उत्तर ध्रुवाच्या बाजूने सुरू केली. वाटेत अलास्कातील अँकरेज येथे इंधन घ्यावयाचे. पन्नास तासांचा प्रवास सुमारे बत्तीस तासांवर आला. त्या प्रदेशात होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. म्हणून वैमानिकांना दिशा राखण्यासाठी खास जायरोयंत्रे व तारे यांवर विसंबावे लागे. ज्यांनी ही वाट आखली, त्यांचे धाडस वैमानिकांच्या धाडसाहून कमी नव्हते.

१९७० पर्यंत मॉस्कोत थांबून सायबेरियावरून जाण्याची मुभा काही कंपन्यांना मिळाली. तरीही १९८३ च्या एप्रिलमध्ये फिनिश कंपनीने आपले डीसी-१० विमान हेलसिंकीहून कोठेही न थांबता टोकियोस नेले, ते उत्तर ध्रुव व बेरिंगची सामुद्रधुनी यांवरून. तेरा तास लागले. शेजाऱ्याच्या अंगणातून जाता येत नाही म्हणून साऱ्या गावाला वळसा घालावा, तसाच हा प्रकार! परंतु त्या अंगणात चुकून पाऊल पडले तर काय होते, हेही त्याच वर्षी जगाने पाहिले. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सेऊलकडे निघालेले कोरियन प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले व साखालिनजवळ ते पाडण्यात आले. त्यातील २६९ जणांपैकी एकही वाचला नाही.

पुढे सोव्हिएत संघ मावळला आणि सायबेरियाचे आकाश, भरपूर शुल्क आकारून का होईना, मोकळे झाले. हेलसिंकीचा विमानतळ तर युरोप व आशिया यांमधील जंक्शन म्हणूनच भरभराटीस आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय राष्ट्रांनी रशियन विमानांस बंदी केली, रशियाने तीच बंदी उलट घातली, आणि दोऱ्याची वाट पुन्हा मिटली. मार्च २०२२ मध्ये फिनिश विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकियोस निघाली. विमान नव्या बनावटीचे, इंजिने अधिक काटकसरी. तास मात्र पुन्हा तेरा. ध्रुव ओलांडल्याचे एक प्रमाणपत्र तेवढे प्रवाशांच्या हाती ठेवण्यात आले.