उत्पादन थांबले, हे ठरवायचे कोणी?

कोथरूडमधील सदनिकेचा मालक भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार करतो, तेव्हा मुदत कधी संपणार हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अमेरिकेतील तेल व वायूच्या पट्ट्यांचे तसे नाही. तेथे भूगर्भातील खनिजाची मालकी खासगी व्यक्तीकडे असू शकते. पट्ट्याची पहिली मुदत काही वर्षांची असते. पुढे 'उत्पादन चालू असेल तोपर्यंत' तो जिवंत राहतो. साहजिकच विहीर आटली, पंप बिघडला किंवा भाव कोसळल्याने झडप बंद झाली, की वाद न्यायालयात जातो.

टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'क्लिफ्टन विरुद्ध कूंट्झ' हा १९५९ मधील निकाल या विषयात आजही आधारभूत मानला जातो. जून १९५४ ते सप्टेंबर १९५५ या काळात संबंधित विहिरीत सुमारे २१६ डॉलरचा तोटा झाला होता. तेवढ्यावरून पट्टा संपला, असे मानण्यास न्यायालयाने नकार दिला. नफ्याच्या हेतूने काम करणाऱ्या सुज्ञ व्यावसायिकाने ती विहीर चालू ठेवली असती का, ही खरी कसोटी ठरली. नुसता पट्टा अडवून ठेवण्यासाठी विहीर चालविणे मात्र या कसोटीत बसत नाही.

भारतात खनिज तेल सरकारच्या अखत्यारीत असून करार ठरावीक मुदतीचे असतात. मुंबईजवळच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता व ताप्ती क्षेत्रांचा करार १९९४ मध्ये २५ वर्षांसाठी झाला. (दाभोळमुळे महाराष्ट्राला परिचित झालेली एन्रॉन त्यात भागीदार होती.) ताप्तीतील उत्पादन २०१६ मध्येच थांबले, पन्ना-मुक्तात ते चालू असतानाच डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपली आणि ही क्षेत्रे ओएनजीसीकडे गेली.

उत्पादन थांबल्याचा खरा वाद आपल्याकडे खाणपट्ट्यांबाबत होतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम ४-अ (४) नुसार दोन वर्षे काम बंद राहिल्यास पट्टा व्यपगत होतो. पण तो आपोआप होतो की सरकारच्या आदेशाने? २०१५ च्या दुरुस्तीने जुन्या पट्ट्यांना मुदतवाढ दिली, मात्र व्यपगत पट्टे त्यातून वगळले, तेव्हा या प्रश्नाला मोठेच मोल आले. ओडिशातील खाणींसंबंधीच्या 'कॉमन कॉज' प्रकरणात ४ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की राज्य सरकारने तसा आदेश काढल्याखेरीज पट्टा व्यपगत होत नाही. टेक्सासमध्ये उत्पादन कायमचे थांबताच पट्टा आपोआप संपतो. येथे सरकारी कागद लागतो. सरकार स्वस्थ बसले, तर बंद खाणीचा पट्टाही कागदोपत्री जिवंत राहतो, ही त्यातील गोम.

गोव्यातील खाणबंदीची येथे गल्लत करू नये. तेथे २०१२ मध्ये खाणी सरकारी व न्यायालयीन आदेशांनी थांबल्या. २०१८ मध्ये ८८ पट्टे गेले, ते नूतनीकरण बेकायदा ठरल्यामुळे.

२०२१ मध्ये संसदेने कलमातील 'खाणकाम' या शब्दाऐवजी 'उत्पादन आणि पाठवणी' असे शब्द घातले. त्यामुळे खनिज खणून खाणीवरच ढीग रचून ठेवणे आता पुरेसे नाही. अडचण पट्टेधारकाच्या हाताबाहेरची असल्यास सरकार मुदत वाढवू शकते. पण फार तर एक वर्ष, आणि तीही संपूर्ण पट्ट्याच्या काळात एकदाच.