नाव एक, भाषा दोन : नहालीची गोष्ट

भाषाकुळांचा धडा शिकवताना आपण सोपी उदाहरणे घेतो. मराठी आर्य कुळातली, कन्नड द्राविडी कुळातली. नाव घेतले की कूळ कळले, असा विद्यार्थ्यांचा समज त्यातून होतो. तो किती फसवा आहे, हे पाहण्यासाठी सातपुड्यापर्यंत गेले तरी पुरे. तेथे आपल्याला 'नहाली' हा शब्द भेटतो. त्याचे दुसरे रूप 'निहाली'.

हा शब्द मुळात लोकांच्या नावावरून आलेला आहे. नाव जुने आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या 'अभिधानचिंतामणी' या कोशात पुलिंद, शबर, भिल्ल, किरात यांच्या जोडीला 'नाहल' येतात. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत 'निहाल' व 'नहुल' ही नावे कोरकूंबरोबर एकाच नोंदीत आहेत. 'निहाल होणे' म्हणजे कृतार्थ होणे, हा हिंदीतील शब्द मात्र फारसीतून आलेला आहे. जमातीच्या नावाशी त्याचा संबंध नाही.

आता भाषांकडे वळू. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या भाषा येतात. एक आर्य कुळातील, भिल्ली-खानदेशी वळणाची बोली. दुसरी बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात व लगतच्या निमाड भागात बोलली जाणारी. ही दुसरी कोणत्याही ज्ञात कुळात बसत नाही.

हे लक्षात यायला वेळ लागला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड 1906 साली निघाला. तो स्टेन कोनो यांनी तयार केला होता. त्यांनी या दुसऱ्या भाषेला कोरकूजवळ, म्हणजे मुंडा गटात ठेवले, आणि तिच्यात द्राविडी व आर्य मिश्रण असल्याचेही नोंदवले. हे स्वाभाविक होते. हे लोक कोरकूंच्या शेजारी राहतात, कोरकू बोलतात आणि त्यांच्या भाषेत कोरकू शब्दांची गर्दी आहे.

पुढे डच अभ्यासक कायपर यांनी 1962 साली शब्दांची छाननी केली. एक तृतीयांशाहून थोडे अधिक शब्द कोरकूशी जुळले, काही द्राविडी भाषांशी जुळले. पण सुमारे एक चतुर्थांश शब्द कशाशीच जुळेनात. मुख्य म्हणजे त्यांत रोजच्या वापरातले शब्द आहेत. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, निहालीत 'जोप्पो'. डोळ्याला कोरकूत 'मेद', निहालीत 'जिकित'. उलट 'इरार' म्हणजे दोन आणि 'नालो' म्हणजे चार, हे शब्द द्राविडी वळणाचे आहेत.

उसने शब्द कोणतीही भाषा घेते. आपण 'टेबल' म्हणतो म्हणून मराठी इंग्रजीच्या कुळात जात नाही. अंगाची नावे, पाणी, अग्नी, सर्वनामे यांसारखे मूळचे शब्द आणि व्याकरण यांवरूनच नाते ठरते. नावावरून तर कधीच ठरत नाही.

नावाचा घोटाळा केवळ पुस्तकी नाही. कोनो व कायपर दोघेही या एकाकी भाषेला 'नहाली'च म्हणतात. त्यामुळे जुना ग्रंथ वाचणारा ती आर्य बोली समजण्याचा धोका राहतो. आता अभ्यासक एकाकी भाषेला 'निहाली' म्हणून वेगळे करतात. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतही दोघींना स्वतंत्र संकेत आहेत. निहालीचे बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार सांगितले जातात. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांना स्वतंत्र ओळ मिळत नाही, म्हणून 2011 च्या तक्त्यातही ती दिसत नाही. आधी नावात मिसळली, मग 'इतर'मध्ये बुडाली, अशी तिची अवस्था आहे. तिचे न जुळणारे शब्द कदाचित मध्य भारतातील एखाद्या फार जुन्या भाषेचा शेवटचा अवशेष असतील. बोलणारे संपले, तर तो पडताळून पाहण्याचा मार्गही संपेल.

शिक्षकांसाठी एक सूचना. विद्यार्थ्यांना घरची भाषा विचारताना केवळ नाव लिहून घेऊ नये. पाणी, डोळा, विस्तव, मी, तू आणि एक ते पाच यांना घरी काय म्हणतात, तेही लिहून घ्यावे. दहा शब्दांची ही वही नावापेक्षा पुष्कळ जास्त सांगते.